विंडोज ११ की जुन्या मशीनवर लिनक्स मिंट? दिवसभर मराठी टाइप करणाऱ्यांसाठी

विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. तेव्हापासून आमच्या लाइनमधली माणसं, म्हणजे टायपिंगची कामं घेणारे, मुद्रितशोधक, क्लासचे सर, भेटले की बोलणं तिथेच येतं. मशीन तर छान चाललंय, मग करायचं काय? विंडोज ११ साठी नवीन मशीन घ्यायचं, की आहे त्यावरच लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टिम, टाकायचं?

हा निर्णय मला घ्यावा लागला आणि मी तो घेतला. माझा कामाचा डेस्कटॉप इंटेलच्या सातव्या पिढीच्या आय-फाइव्ह प्रोसेसरचा आहे, त्यावर आता लिनक्स मिंट हा लिनक्सचा एक प्रकार आहे. बायकोचा लॅपटॉप नवा, त्यावर विंडोज ११ आलेलीच होती, आणि घाईगर्दीच्या दिवसांत मी त्यावरही काम करतो. म्हणजे हात दोन्हीकडे बसलेला आहे. माझं काम सराव प्रश्नसंच, गाईड, कार्यपुस्तिका टाइप करून त्यांची पानं लावायचं. गिऱ्हाइकं बहुतेक पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या बाजारातली. तेव्हा पुढचं सगळं याच कामाच्या अनुभवातून आलंय असं समजून वाचा. गेम खेळणारे किंवा व्हिडिओचं काम करणारे यांचा हिशोब वेगळा असू शकतो.

तिसरा पर्याय, म्हणजे विंडोज १० वरच राहायचं, तो आधी बाजूला काढतो. मायक्रोसॉफ्टने घरगुती वापरासाठी वाढीव सुरक्षा अपडेटची सोय ठेवली आहे, तिची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन करून सेटिंगचा बॅकअप चालू केला की त्याला पैसेही पडत नाहीत. परीक्षेचा हंगाम डोक्यावर असेल तर ही सोय जरूर वापरा, ऐन कामात मशीन उघडून बसू नका. पण त्याने पुढची तारीख मिळते, निकाल लागत नाही.

विंडोज ११ ची अडचण दारातच सुरू होते. मोजके अपवाद सोडले तर इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचे प्रोसेसर तिला चालत नाहीत, शिवाय टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते. बाजारात कुणीही हार्डवेअरवाला म्हणेल, 'तपासणी चुकवून टाकून देतो की साहेब.' टाकता येते, हे खरं आहे. पण मायक्रोसॉफ्टच्या लेखी ते मशीन अपात्रच राहतं आणि त्यावर अपडेट येत राहतील याची हमी कंपनी देत नाही. आपण विंडोज १० सोडतोय ती सुरक्षा अपडेटसाठीच ना? मग तीच बाजू लंगडी ठेवून गिऱ्हाइकाच्या फायली त्यावर ठेवणं मला तरी पटलं नाही. म्हणून माझ्या मते विंडोज ११ म्हणजे पात्र मशीन, आणि ते नसेल तर नवीन मशीनचा खर्च, असंच धरून चालावं.

मशीन पात्र असेल तर मात्र विंडोज ११ चांगली आहे, हे मनापासून सांगतो. खिडकी मोठी करायच्या बटणावर माउस नेला की पडदा कसा विभागायचा ते समोर येतं. डावीकडे हस्तलिखिताचं स्कॅन आणि उजवीकडे फाइल, ही आमची रोजची मांडणी एका क्लिकवर होते. झाकण मिटून ठेवलेला लॅपटॉप उघडला की बोट टेकवून लगेच काम सुरू. माझ्या मिंटवाल्या डेस्कटॉपला ती मजा नाही. मराठी फोनेटिक कीबोर्ड (रोमन अक्षरांत उच्चाराप्रमाणे टाइप केलं की देवनागरी उमटवणारा) विंडोजमध्ये २०१९ पासून आहेच, तो ११ मध्येही आहे, आणि ज्यांची बोटं त्यावर बसली आहेत त्यांना वेगळं काही शिकावं लागत नाही.

नवीन लॅपटॉप घेणाराच असाल तर एक गोष्ट दुकानातच बघा. विंडोज ११ होम सेटअपच्या वेळी मायक्रोसॉफ्टचं खातं मागते, आणि अलीकडच्या मशीनवर डिस्क बहुतेक वेळा आपोआप एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद, होते. तिची रिकव्हरी की त्या खात्यात जाऊन बसते. दुकानातल्या पोराने घाईत स्वतःच्याच ईमेलने सेटअप करून दिला, तर तुमच्या डिस्कची किल्ली त्याच्या खात्यात राहते. पुढे मदरबोर्ड बदलला आणि पडद्यावर ती की मागितली की मग धावाधाव. सेटअप स्वतःच्या खात्याने करा आणि ती की कागदावर उतरवून कपाटात ठेवा.

आता मिंट. दिसायला विंडोजची सवय असलेल्या माणसाला ते परकं वाटत नाही: खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू, उजवीकडे घड्याळ. जुन्या मशीनवर ते कसं चालतं याची मोजमापं माझ्याकडे नाहीत. इतकंच सांगतो की पूर्वी बटण दाबून मी चहा टाकायला जायचो, आता चहा टाकायला जायचं कारण उरलेलं नाही. त्यात एसएसडीचा, म्हणजे जलद डिस्कचा, वाटा मोठा आहे हे मान्य. पण तीच एसएसडी विंडोज १० लाही होती. अपडेट आलं की कोपऱ्यात ढालीचं चिन्ह दिसतं, आपण सांगू तेव्हा ते बसतं. मिंटच्या २२ च्या मालिकेला २०२९ पर्यंत सपोर्ट आहे, त्यामुळे पुढची काही वर्षं तरी हा विषय पुन्हा काढायला नको.

पण खरं सांगायचं तर यातल्या कशामुळेच मी मिंटवर राहिलो नाही. मला तिथे थांबवलं ते प्रश्नचिन्हाने.

इनस्क्रिप्टवर, म्हणजे देवनागरीच्या प्रमाण कळमांडणीवर (लेआउटवर), टाइप करणाऱ्यांना हे सांगायला नको, तरी सांगतो. या लेआउटमध्ये देवनागरीला इतक्या कळा लागतात की विरामचिन्हांची जागा जाते. प्रश्नचिन्हाच्या कळीवर 'य' बसलेला, अवतरणचिन्हाच्या कळीवर 'ट' आणि 'ठ', अर्धविराम आणि विसर्गासारख्या दिसणाऱ्या त्या दोन टिंबांच्या कळीवर 'च' आणि 'छ'. त्यामुळे प्रश्नचिन्ह हवं की भाषा बदला, चिन्ह मारा, भाषा परत आणा. कादंबरी टाइप करणाऱ्याला हे चालून जात असेल. मी प्रश्नसंच करतो. माझ्या कामातली एक साधी ओळ बघा:

'माझ्या गावात नदी आहे.' या वाक्यातील क्रियापद कोणते?

दोन अवतरणचिन्हं, एक प्रश्नचिन्ह. एका ओळीत तीनदा इंग्रजीत जायचं आणि तीनदा परत यायचं. अशा ओळी पानभर, आणि अशी पानं पुस्तकभर. त्यात परत यायचं एकदा राहिलं की पुढचा अख्खा शब्द रोमन अक्षरांत उमटतो. नजर हस्तलिखितावर असते, त्यामुळे ओळ संपल्यावर कळतं. मग मागे जा, खोडा, पुन्हा टाइप करा. संध्याकाळी मनगट दुखायचं ते मजकुरामुळे नाही, या ये-जा करण्यामुळे, असं माझं ठाम मत आहे. विंडोजमध्ये भाषा बदलायला ऑल्ट-शिफ्ट किंवा विंडोज कळ आणि स्पेसबार आहे. दोन्ही प्रकारांत एकदा दाबून जायचं आणि पुन्हा दाबून यायचं.

मिंटमध्ये कीबोर्डच्या सेटिंगमध्ये लेआउट आहेत आणि त्यांच्या ऑप्शन्समध्ये दुसऱ्या लेआउटवर जायच्या कळांची लांबलचक यादी आहे. त्या यादीत एक पर्याय असा आहे की कॅप्स लॉक दाबून धरलेला असेल तेवढ्यापुरता दुसरा लेआउट, आणि सोडला की पुन्हा पहिला. मराठीला कॅपिटल अक्षरं नाहीत, म्हणजे ती कळ आपल्याला तशीही निरुपयोगीच. आता डाव्या करंगळीने कॅप्स लॉक धरायचा, उजव्या हाताने चिन्ह मारायचं, करंगळी उचलली की मराठी. प्रश्नचिन्हाला डावी शिफ्ट लागत नाही, उजवीकडची चालते, एवढं बोटांना शिकवावं लागतं. विसरायचा प्रश्नच येत नाही, कारण परत येण्यासाठी वेगळं काही करायचंच नसतं. पूर्ण इंग्रजी परिच्छेद असेल तेव्हा त्याच यादीतला ऑल्ट-शिफ्टचा पर्यायही सोबत ठेवता येतो.

यात दोन पथ्यं आहेत. लेआउटच्या यादीत इंग्रजी आणि मराठी असे दोनच ठेवा. तिसरा ठेवला की कळ धरल्यावर भलताच लेआउट समोर यायचा. आणि मराठी घेताना कीबोर्ड लेआउटमधलं इनस्क्रिप्टच घ्या. लिप्यंतर करणारी जी वेगळी इनपुट पद्धत असते, तिच्याबरोबर ही सोय चालत नाही.

न्याय्य बोलायचं तर बाहेरचं एखादं छोटं सॉफ्टवेअर बसवून विंडोजवरही असं काही जुळवता येतं. पण मला दुसऱ्याच्या मशीनवर, गिऱ्हाइकाच्या ऑफिसात बसूनही काम करावं लागतं, आणि तिथे बाहेरची सॉफ्टवेअर टाकायला मी धजत नाही. मिंटमध्ये ते घरचंच आहे. ज्यांचं काम फोनेटिकवर चालतं त्यांना हा सगळा परिच्छेद फारसा लागू नाही, आणि मग पारडं इतकं झुकणारही नाही, हेही मान्य करतो.

मिंट कुणी घेऊ नये, तेही सांगायला हवं. ज्यांचं काम अजून युनिकोडपूर्व फॉन्टांत आहे (म्हणजे तोच फॉन्ट मशीनवर नसेल तर मजकूर वाचता येत नाही असे जुने फॉन्ट), मशीनला डाँगल, म्हणजे परवान्याची छोटी किल्ली, लावून चालणारं मराठी सॉफ्टवेअर आहे, पेजमेकर किंवा कोरल ड्रॉच्या फायली रोज उघडाव्या लागतात, त्यांनी मिंटच्या वाटेला जाऊ नये. टाइपरायटरच्या जुन्या रेमिंग्टन मांडणीवर बोटं बसलेल्या आणि त्यासाठी विंडोजवरच्या सॉफ्टवेअरवर अवलंबून असलेल्या टायपिस्टनेही नाही. टॅली विंडोजवरच चालतं. टेंडर भरायला डिजिटल सहीचं टोकन लावणाऱ्यांनीही विंडोजचं एक मशीन ठेवावंच. माझ्या ओळखीतल्या एका ठेकेदाराचं टोकन मिंटवर चालवायचा खटाटोप आम्ही करून बघितला आणि शेवटी त्याला त्याच्या मुलाच्या लॅपटॉपवर पाठवलं. हाताखाली माणसं असतील तर त्यांचाही विचार करा. एमएस-सीआयटी करून आलेल्या मुलीला वर्ड आणि एक्सेल येतं. मिंटवर त्यांच्या जागी असलेलं लिबरऑफिस तिला जमतं, पण पहिले काही दिवस तुम्हाला तिच्या शेजारी बसावं लागेल.

लिबरऑफिसबद्दल एक अडचण अगदी जवळून बघितलेली. विंडोजवर निर्मला किंवा कोकिळा फॉन्टमध्ये लावलेली फाइल मिंटवर उघडली की ते फॉन्ट तिथे नसतात, दुसरा फॉन्ट जागा घेतो, ओळी वेगळ्या ठिकाणी तुटतात आणि सोळा पानांची पुस्तिका सतराव्या पानावर सांडते. छापायला जाणाऱ्या कामात हे चालत नाही. मी त्यावर साधा उपाय केला: नवीन काम मुक्ता किंवा टिरो देवनागरी मराठी अशा मोफत फॉन्टांत सुरू करतो, तेच फॉन्ट बायकोच्या लॅपटॉपवरही टाकलेत, आणि छपाईला फक्त पीडीएफ देतो. त्यातही गिऱ्हाइकाने वर्डची फाइलच मागितली तर शेवटचा हात विंडोजवरच फिरवतो, हे लपवत नाही.

प्रिंटरचंही नशिबावर असतं. माझा लेझर प्रिंटर मिंटने लावल्याबरोबर ओळखला. स्कॅनर मात्र एका कंपनीचा जुना आहे, त्याचा लिनक्ससाठी ड्रायव्हरच नाही, आणि तो आता लॅपटॉपला जोडलेला आहे. सुदैवाने हे सगळं आधी तपासता येतं. मिंट पेनड्राइव्हवरून, डिस्कला हात न लावता चालतं. एखाद्या रविवारी तसं सुरू करा. आधी प्रिंटर, मग स्कॅनर, मग वायफाय. ते जमलं तर मराठी लेआउट लावून, कॅप्स लॉकचा तो पर्याय निवडून तुमच्याच कामातलं एक पान टाइप करून बघा. पेनड्राइव्हवरून ते जरा हळू चालेल, त्यावरून वेगाचा अंदाज बांधू नका.

पात्र मशीन हाताशी असेल आणि वरच्या यादीतलं एक तरी काम तुमचं असेल, तर विंडोज ११ घ्या, वाईट वाटून घ्यायचं काही कारण नाही. पण सातव्या पिढीचं किंवा त्याहून जुनं, धडधाकट मशीन असेल, काम युनिकोडमध्ये असेल आणि बोटं इनस्क्रिप्टवर असतील, तर नवीन मशीनचे पैसे खर्च करण्याआधी मिंटला ते एक पान द्याच. डिस्कवर चढवायचं ठरलं तर आधी कामाच्या फायली बाहेरच्या डिस्कवर घ्या, ब्राउझरमधले पासवर्ड उतरवून ठेवा, आणि तुम्ही स्वतः विकत घेतलेले फॉन्टही वेगळ्या फोल्डरमध्ये काढा. विंडोज पुसली गेली की ते पुन्हा मिळवायला विक्रेत्याच्या मागे लागावं लागतं.