मृत्युपत्राची मुदत संपतेय म्हणे!

आधी आकडाच सांगून टाकते: १,३८,५०० रुपये. एवढं तर आमच्या लग्नाच्या हॉलचं भाडंही नव्हतं. हे पैसे आम्ही नवरा-बायकोने मृत्युपत्र आणि 'ट्रस्ट'च्या नावाखाली एका सल्लागाराला शुद्धीवर असताना, सह्या करून, वर 'थँक्यू सर' म्हणून दिले. मी नाशिकमधल्या अंबडच्या एका कंपनीत अकाउंट्सला आहे आणि दिवसभर दुसऱ्यांच्या व्हाउचरमधल्या चुका काढते, हेही सांगून ठेवते, म्हणजे 'शिकलेली माणसं फसत नाहीत' असं वाटणाऱ्यांचा गैरसमज दूर होईल.

लग्न फेब्रुवारी २०२५ मधलं. मे महिन्यात नवऱ्याच्या ओळखीतल्या एकाने 'नवदांपत्यांसाठी आर्थिक नियोजन' अशा कार्यक्रमाचं आमंत्रण पाठवलं. कॉलेज रोडवरचा एक हॉल, रविवारी सकाळी साडेनऊची वेळ, नंतर मिसळ. नाशिककराला रविवारी सकाळी मिसळीचं नाव काढून कुठंही बसवता येतं. आम्ही बसलो.

बोलणारे गृहस्थ पन्नाशीचे, पांढरा शर्ट, आवाज अगदी मऊ. कुठल्याच कंपनीचं नाव त्यांनी घेतलं नाही. नुसते प्रश्न विचारले. "तुमच्यापैकी किती जणांनी लग्नानंतर पीएफचा नॉमिनी बदललाय?" एकही हात वर नाही. "नॉमिनी म्हणजे मालक, असं कोणाकोणाला वाटतं?" सगळे हात वर. मग म्हणाले, सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा स्पष्ट केलंय की शेअर्सचा नॉमिनी फक्त सांभाळणारा असतो, मालक वारसच. हॉलमध्ये चुळबुळ सुरू झाली.

नंतर ते आमच्या टेबलाशी आले. मिसळीचा दुसरा पाव हातात होता. माझ्याकडे बघून म्हणाले, "ताई, वाईट वाटून घेऊ नका, पण उद्या यांना काही झालं तर फ्लॅटमधल्या यांच्या हिश्श्यात तुम्ही आणि तुमच्या सासूबाई, दोघी सारख्या वाटेकरी. आणि मूलबाळ व्हायच्या आत तुम्ही दोघंही गेलात, तर तुमच्या पगारातून घेतलेलंसुद्धा तुमच्या आईवडिलांना नाही मिळणार. ते नवऱ्याच्या वारसांकडे जाईल."

इथंच आम्ही सापडलो. कारण हे खोटं नव्हतं. मी रात्री घरी येऊन तपासलं. १९५६ चा हिंदू वारसा कायदा तसंच सांगतो: मृत्युपत्र न करता पुरुष गेला तर आई, बायको, मुलं यांना सारखा वाटा, वडील त्यांच्या नंतरच्या वर्गात. मूल नसलेल्या विधवेच्या स्वकमाईवरही आधी नवऱ्याच्या वारसांचा हक्क, मग तिच्या आईवडिलांचा. माणूस खरं बोलतोय म्हटल्यावर त्याने सुचवलेला उपायही खराच असणार, असं आपण धरून चालतो. त्यांनी रोगाचं निदान अचूक केलं आणि औषध मात्र स्वतःच्या दुकानातलं दिलं.

आणखी एक वाक्य त्यांनी जाता जाता टाकलं. "घरी आत्ताच काही बोलू नका. नव्या सुनेने मृत्युपत्राचा विषय काढला की लोक नको ते अर्थ काढतात." लग्नाला तीन महिने झालेले. सासूबाई निफाडला, द्राक्षबागेच्या घरात. त्यांना काय सांगणार, की तुमच्या मुलाच्या मरणाचा विचार चाललाय म्हणून? आम्ही गप्प बसलो. आमच्या तोंडाला कुलूप त्यांनी घातलं आणि किल्लीही तेच घेऊन गेले.

पॅकेज ३८,५०० रुपयांचं. माझ्या सवयीने मी त्याची फोड मागितली. दोन मृत्युपत्रं प्रत्येकी ९,०००, 'नोंदणी व मुद्रांक' १२,०००, नॉमिनी बदलून देणं ६,०००, 'दस्तऐवज तिजोरी' २,५००. बेरीज बरोबर आली, म्हणून मी खूश! बेरीज जुळण्यापलीकडे काही बघायचं असतं, हे मला तेव्हा सुचलं नाही. त्यातला पीएफचा नॉमिनी ईपीएफओच्या साइटवर आपल्याच आधारच्या ओटीपीने, एक पैसा न देता बदलता येतो, आणि लग्नानंतर नव्याने भरावाच लागतो. तो भरायला आम्ही त्यांच्या ऑफिसातल्या मुलाला पासवर्ड दिला आणि वर पैसेही दिले.

सह्यांचा दिवस माझ्या अजून डोळ्यांसमोर आहे. गंगापूर रोडवरचं छोटं ऑफिस, एसी फार गार. ५०० रुपयांच्या मुद्रांकावर पहिलं पान, पुढं साधी अकरा पानं, सगळी इंग्रजीत. आम्ही दोन पानं वाचली आणि बाकीची उलटत सह्या करत गेलो. शेवटच्या पानावर साक्षीदारांच्या दोन सह्या आधीच होत्या, निळ्या शाईत. मी विचारलं, हे कोण? "आमचेच स्टाफचे, बाहेर गेलेत." आठवड्याने कागद घरी आले, शेवटच्या पानावर गोल शिक्का आणि त्यावर चकचकीत लाल स्टिकर. "झालं बघा रजिस्टर," असं म्हणाले.

मग आला 'ट्रस्ट'. म्हणाले, मृत्युपत्र आव्हानात सापडू शकतं, पण १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या कायद्याखालचा ट्रस्ट कोणी मोडू शकत नाही. एकदाच एक लाख ठेवायचे, दहा वर्षांनी वाढून मिळतील. माझ्या मोडलेल्या एफडीतून पैसे गेले. दोन दिवसांनी पडताळणीचा फोन येईल, ती नुसती औपचारिकता आहे, सगळ्याला 'हो' म्हणा, असं सांगितलं होतं. मी ऑफिसच्या जिन्यात उभं राहून सगळ्याला 'हो' म्हटलं. त्यात 'दहा वर्षं दरवर्षी एक लाख हप्ता भरायचा आहे हे तुम्हाला समजलं आहे का' हाही प्रश्न होता. ते रेकॉर्डिंग मी नंतर ऐकलं. माझा आवाज किती आज्ञाधारक वाटतो!

दिवाळीनंतर सोसायटीत नॉमिनेशनचे अर्ज भरून घेत होते. आमचे सेक्रेटरी काका नोंदणी विभागातून निवृत्त झालेले. मी जरा मिरवतच मृत्युपत्राची प्रत पुढं केली. काकांनी पहिलं पान बघितलंच नाही. थेट शेवटचं काढलं, चष्मा कपाळावर सरकवला, कागद उजेडात धरला, मग पाठपोट केला.

"गोषवारा कुठाय?"

"कसला?"

"दस्त गोषवारा. फोटो, अंगठे, दस्त क्रमांक. नोंदवलेल्या कागदाला ही पानं शेवटी असतातच. हे नोटरी केलंय गं पोरी, नोंदवलेलं नाहीये."

मग त्यांनी चहा टाकायला सांगितला आणि बारा पानं मला मराठीत समजावून सांगितली. मृत्युपत्राला मुद्रांक लागतच नाही, साध्या कागदावर हाताने लिहिलं तरी चालतं. नोंदणी सक्तीची नाही, केली तर फी शंभर रुपये, वर पानांचं किरकोळ शुल्क. म्हणजे १२,००० च्या जागी खरा खर्च दोघांचा मिळून काहीशे. लागतात ते दोन साक्षीदार, ज्यांनी आपल्याला सही करताना बघितलंय किंवा ज्यांच्यासमोर आपण 'ही सही माझी' असं सांगितलंय, आणि ज्यांनी आपल्यासमोर सही केलीय. उद्या वाद झाला तर त्यांच्यातला एक तरी कोर्टात उभा करावा लागतो. आमचे साक्षीदार आम्ही आजवर पाहिलेले नाहीत.

नवव्या पानावर काका थांबले आणि दोनदा वाचलं. आमच्या मृत्युपत्राचा व्यवस्थापक, म्हणजे आमच्या मागे सगळं वाटून देणारा माणूस, म्हणून त्या सल्लागारांनी स्वतःचंच नाव घातलं होतं. मानधन मालमत्तेच्या किमतीच्या तीन टक्के. दोघांच्याही मृत्युपत्रात.

नवरा त्या रात्री जेवला नाही. मी जेवले, मला राग आला की भूक लागते.

'ट्रस्ट'चा उलगडा त्या आठवड्यातच झाला. १८७४ चा कायदा खरा आहे. नवऱ्याने स्वतःच्या आयुष्यावर बायको-मुलांसाठी त्या कायद्याखाली पॉलिसी काढली तर ती ट्रस्ट मानली जाते, आणि त्याच्या कर्जवाल्यांना सहसा तिला हात लावता येत नाही. पण ते पॉलिसी काढतानाच फॉर्मवर नोंदवावं लागतं. 'ट्रस्ट' म्हणून आम्हाला विकलेली विमा पॉलिसी माझ्याच आयुष्यावर, साधी बचतीची, आणि त्या कायद्याची त्यात कुठं खूणही नाही. पॉलिसी हातात पडल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते, पण माझ्या हातात ती पडलीच नव्हती. अर्जावरचा ईमेल माझ्या नावाचा होता, पण मी कधीही न उघडलेला. मोबाइलचे शेवटचे दोन आकडे बदललेले.

हाच धागा आता आमच्या कामाचा आहे. विमा कंपनीने 'तुम्ही फोनवर हो म्हणालात' असं उत्तर दिलं. मग पुण्याच्या विमा लोकपालांकडे अर्ज केला. त्याला फी नाही, वकील लागत नाही, कंपनीने नाकारल्यापासून वर्षाच्या आत करायचा असतो. अर्जासोबत माझ्या खऱ्या नंबरचं बिल जोडलंय. तारीख लागायची आहे. ३८,५०० साठी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार घातली, पाच लाखांच्या आत तिथंही फी पडत नाही. पोलिस ठाण्यात अर्ज दिलाय. गंगापूर रोडच्या ऑफिसला आता कुलूप आहे.

खरं जड गेलं ते निफाडला जाऊन सांगणं. मी ओट्याशी उभी राहून, भाजी निवडता निवडता, तुमचा निम्मा वाटा होता म्हणून आम्ही असं केलं, इथपर्यंत सगळं सांगितलं. सासूबाईंनी मेथीची जुडी खाली ठेवली. "मला निम्मा वाटा? त्या सातव्या मजल्यावर मी काय कबुतरं पाळू?" मग बराच वेळ काही बोलल्या नाहीत. थोड्या वेळाने म्हणाल्या, "मला विचारलं असतंस तर मी सांगितलं असतं. तुझे सासरे गेले तेव्हा सात-बारावर नावं लागायला आम्ही तलाठ्याकडे किती खेटे घातलेत ते. मलाही लिहायचंय, धाकट्याचं आणि याचं आत्ताच ठरवून टाकते."

जानेवारीत तिघांची मृत्युपत्रं मराठीत लिहिली, दोन-दोन पानांची. सीबीएसजवळ कोर्टाच्या आवारात बसणाऱ्या एका वकीलबाईंनी तपासून दिली. 'यापूर्वीची सर्व मृत्युपत्रं रद्द' हे वाक्य त्यांनी सगळ्यात वर घालायला लावलं. साक्षीदार म्हणून शेजारचे डॉक्टर आणि नवऱ्याचा मित्र, दोघंही आमच्यापेक्षा लहान. नोंदणीसाठी दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात गेलो, तर सासूबाईंचा अंगठा यंत्रावर तीनदा उमटला नाही, बागेत काम करून रेषा झिजलेल्या. चौथ्यांदा उमटला.

काल दुपारी एका अनोळखी नंबरवरून मेसेज आला: 'ताई, आपल्या मृत्युपत्राची मुदत १५ मेला संपत आहे. नूतनीकरण शुल्क २,५०० रु. लगेच भरा, अन्यथा दस्त रद्द होईल.' मृत्युपत्राला मुदत नसते. लग्नाने जुनं मृत्युपत्र रद्द होण्याचा नियम ख्रिश्चन-पारशी मंडळींसाठी आहे, आपल्याला तो लागू नाही, आणि मूल झालं म्हणून कोणाचंच आपोआप रद्द होत नाही. मेसेजचा स्क्रीनशॉट काढून ग्राहक आयोगाच्या फाइलला लावला. सासूबाईंना वाचून दाखवला तर त्या म्हणाल्या, "भरू नको. संपू दे मुदत. मग आपण कोणी मरायलाच नको."