ओएलईडीच्या खोक्यात एलसीडी: भर दुपारी ४७,५०० रुपयांना फसलो

रात्री साडेअकराला दिवा मालवला, स्टीम डेक (हातात धरून गेम खेळायचं मशीन) चालू केला आणि दोन सेकंदांत कळलं, आपल्याला गंडवलंय. पडदा काळाकुट्ट दिसायला हवा होता. तो राखाडी दिसत होता. अंधारात एक फिकट निळसर चौकोन हातात धरून मी बसलो होतो आणि कोपऱ्यातून गळणारा उजेड शेजारी झोपलेल्या मुलीच्या चादरीवर पडला होता. ओएलईडी पडद्याचा म्हणून ४७,५०० रुपये मोजले होते. हातात जुन्या एलसीडी पडद्याचा होता.

हे लिहायला तीन आठवडे गेले, कारण लाज वाटत होती. ऑफिसात कुणाला असलं काही घ्यायचं असलं की मला विचारतात. पडद्याचा कोणता पॅनेल कशात आहे, हे मला पाठ आहे. तरी मीच फसलो. पण त्या माणसाची जाहिरात अजून चालू आहे, म्हणून लिहितोय.

मला ओएलईडीच का हवा होता, ते आधी सांगतो, कारण घरातही आणि पोलिसांकडेही हाच प्रश्न ऐकावा लागला. आमचं घर वन आरके. दिवसभर नोकरी, जाऊनयेऊन अडीच तास लोकल. खेळायला मिळतो तो रात्री सगळे झोपल्यावरचा तास-दीड तास, तोही दिवा बंद करून. एलसीडीच्या मागे बॅकलाइट कायम जळत असतो. समोरचं चित्र काळं असलं तरी मागचा उजेड पूर्ण अडत नाही, म्हणून काळा रंग राखाडी दिसतो. ओएलईडीत प्रत्येक पिक्सेल, म्हणजे पडद्यावरचा ठिपका, स्वतःचा उजेड स्वतः देतो आणि काळ्या जागी चक्क बंद होतो. अंधाऱ्या खोलीत पडदा कुठे संपतो आणि कडा कुठे सुरू होते, हे कळत नाही. माझ्यासारख्या अंधारात खेळणाऱ्याला सगळा फरक तिथेच आहे. स्टीम डेकचा पहिला अवतार २०२२ चा, ७ इंची एलसीडी, ६० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ६० वेळा चित्र बदलणारा. ओएलईडी आला २०२३ च्या नोव्हेंबरात, ७.४ इंची, ९० हर्ट्झ, एचडीआरसह (उजेड-अंधाराचा पल्ला जास्त), बॅटरीही ४० ऐवजी ५० वॉट-तासांची. दोघांचं रिझोल्यूशन एकच, १२८० बाय ८००. त्यामुळे नुसत्या आकड्यांवरून दुकानदारही सहज म्हणतो, "सेमच आहे." सेम नाही.

भारतात हे मशीन कंपनी अधिकृतपणे विकत नाही. जे येतं ते कुणाच्या तरी बॅगेतून किंवा आयात करणाऱ्या दुकानातून. वॉरंटी नाही, सर्व्हिस सेंटर नाही. म्हणून जुनं घेताना विक्रेत्याच्या शब्दाला फार किंमत येते, आणि हे त्या लोकांना आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं.

जाहिरात ५२,००० ची होती. "भाऊ अमेरिकेहून घेऊन आला, माझी बदली झाली, खेळायला वेळ नाही." नेहमीचीच गोष्ट, आणि मी काही दुधखुळा नाही. मी व्हिडिओ कॉल मागितला. त्यानं रात्री दहाला कॉल केला, खोलीतला दिवा बंद करून मशीन दाखवलं. काळा रंग काळा होता. परफॉर्मन्सच्या मेनूत फ्रेमची मर्यादा ओढून दाखवली, ९० पर्यंत गेली. एलसीडीवर ती ६० ला थांबते. मी म्हणेन ते त्यानं केलं. यापेक्षा जास्त कोण तपासतं? मशीन खरं होतं. फक्त मला मिळालं ते मशीन ते नव्हतं. कॉलवर सेटिंग्जमधला सिरियल नंबर वाचून घ्यायला हवा होता आणि भेटल्यावर तोच आहे का ते बघायला हवं होतं. दहा सेकंदांचं काम. घेतला नाही.

४७,५०० वर सौदा ठरला. २,५०० टोकन म्हणून त्याच रात्री यूपीआयनं पाठवले. (टोकन देऊ नका. टोकन दिलं की आपण मनानं वस्तू घेऊन मोकळे झालेलो असतो.) उरलेल्या ४५,००० पैकी ३०,००० भिशीचे होते, बाकीचे अकरा महिने बाजूला टाकलेले.

भेटायचं ठरलं मध्य रेल्वेवरच्या एका गर्दीच्या स्टेशनबाहेर. नाव लिहीत नाही, अर्ज अजून पडून आहे. मे महिना, दुपारी सव्वा. मी संध्याकाळी म्हणत होतो, तो म्हणाला, "दादा, संध्याकाळी मी मुंबईत नाही." मी म्हटलं, समोरच्या उडप्याकडे बसू, चहा घेऊ. तर म्हणाला, कल्याण फास्ट पकडायचीय, इथेच बघून घ्या. आम्ही उन्हात उभे होतो. पत्र्याची सावली चार पावलांवर होती. तो सावलीत आला नाही आणि मीही त्याला ओढून नेलं नाही.

इथेच सगळं घडलं. कडक उन्हात ओएलईडी आणि एलसीडी यांत काळ्या रंगाचा फरक दिसतच नाही. काचेवर आकाश दिसतं, आपला घामेजलेला चेहरा दिसतो, आणि दोन्ही पडदे सारखेच करडे वाटतात. त्यानं ती वेळ आणि ती जागा विचार करून निवडली होती. हे मला माहीत असायला हवं होतं असं नाही, मला ते माहीत होतं. मीच लोकांना सांगत आलोय की पडदा अंधारात बघा.

मशीन ओएलईडीच्याच खोक्यात होतं. वर सिलिकॉनचं कव्हर, त्यामुळे मागचं लेबल झाकलेलं. अंगठ्यानं फिरवायच्या स्टिकवर रबरी टोप्या, त्यामुळे त्या काळ्या आहेत की राखाडी, ते दिसत नव्हतं. ओएलईडीच्या स्टिक पूर्ण काळ्या असतात, जुन्याच्या टोकाला राखाडी. पडद्यावर जाड काळ्या किनारीची टेम्पर्ड ग्लास, त्यामुळे कडा मुळात किती रुंद आहे, ते कळेना. पॉवरचं बटण केशरी, ओएलईडीची खूण. मी ते बटण पाहिलं आणि निवांत झालो. आणि मशीन फॅक्टरी रिसेट केलेलं. "तुमच्याच अकाउंटनं सुरू करा दादा, माझं काही उरायला नको." किती सभ्यपणा वाटला मला त्यात! रिसेट केलेला डेक भाषा विचारतो, मग वायफाय मागतो, मग अपडेट. तोवर सेटिंग्जपर्यंत पोचताच येत नाही. मोबाइलचा हॉटस्पॉट देऊन पुढे जायला पंधरा मिनिटं लागली असती. तो घड्याळ बघत होता. रिसेट मशीन घेऊ नका, तपासून झाल्यावर आपल्या डोळ्यांसमोर रिसेट करायला लावा.

आणि तरीही मला दिसलं होतं. मी मशीन चालू करताना तळहातानं पडद्यावर आडोसा केला. त्या टीचभर सावलीत, उजव्या खालच्या कोपऱ्यात, काळ्यावर राखाडी धूर पसरल्यासारखं दिसलं. मी विचारलं, "हे काय आहे?" तो म्हणाला, "ब्राइटनेस फुल आहे ना, म्हणून." ओएलईडीत ब्राइटनेस कितीही वाढवा, बंद पिक्सेल बंदच राहतो. हे मी स्वतः डझनभर लोकांना समजावलंय. त्या क्षणी मशीन परत करून २,५०० वर पाणी सोडलं असतं तर आज हे लिहीत नसतो. पण तो माणूस घाईत होता, मला भीड पडली, आणि मनात आलं की आता संशय घेतला तर हा दुसऱ्याला देऊन टाकेल. २५,००० यूपीआयनं आणि २०,००० रोख दिले. त्यानं नोटा मोजल्यासुद्धा नाहीत.

रात्रीचं वर सांगितलंच. सकाळी कव्हर काढलं, ग्लास उचकटली. पट्टीनं पडदा तिरका मोजला, १७.८ सेंटीमीटर, म्हणजे ७ इंच. ओएलईडी असता तर १८.८ भरला असता. पॉवरच्या बटणावर नख घासलं, तर केशरी पापुद्रा निघाला आणि खाली काळं प्लास्टिक. नेलपॉलिश होतं. तो केशरी तुकडा किती तरी वेळ नखाखाली अडकून होता.

लॅमिंग्टन रोडला एका ओळखीच्या कारागिराकडे नेलं. त्यानं ६०० रुपये घेऊन उघडलं. आतला साठवणीचा भाग बदलून ५१२ जीबीची एसएसडी घातलेली, म्हणजे साठवण बघितली तरी शंका येऊ नये. मूळचं सगळ्यात स्वस्त मॉडेल. विकायचंच तर २२,००० मिळतील म्हणाला. म्हणजे निव्वळ नुकसान २५,५००, अधिक त्याचे ६००.

हे फक्त डेकचंच आहे असं समजू नका. निन्टेन्डोचा स्विच घेत असाल तर ओएलईडीचा पाठीमागचा स्टँड पूर्ण रुंदीचा असतो आणि मॉडेल नंबर एचईजी-००१. साध्या स्विचचा स्टँड म्हणजे एका बाजूला चिंचोळी पट्टी, पडदा ६.२ इंची, ओएलईडीचा ७. सोनीचं जुनं व्हिटा शोधणाऱ्यांनी उलटं लक्षात ठेवावं: तिथे पहिलं मॉडेल, पीसीएच-१०००, ओएलईडी आहे आणि नंतरचं सडपातळ पीसीएच-२००० एलसीडी. नवं म्हणजे चांगलं, हे तिथे चालत नाही. आणि कुणी पडद्याचा दर्जा दाखवायला स्क्रीनशॉट पाठवला तर तिथेच बोलणं थांबवा. स्क्रीनशॉटमध्ये पॅनेल येतच नाही, तो दोन्हीकडे हुबेहूब सारखाच निघतो.

आता पोलीस. त्या माणसाचा नंबर दुसऱ्याच दिवशी बंद. ज्या ॲपवर जाहिरात होती तिथलं खातं गायब, सोबत आमचं सगळं बोलणंही. ॲपवाल्यांचं उत्तर आलं की भेटून केलेल्या व्यवहाराला ते जबाबदार नाहीत. बँक म्हणाली, पिन तुम्हीच टाकलात. मी राहतो तिथल्या ठाण्यात गेलो. दीड तास बाकावर. मग, "प्रकार स्टेशनजवळ झाला ना? तिकडे जा." तिकडे गेलो. मशीन टेबलावर ठेवलं.

"हे काय?"

"साहेब, गेम खेळायचं मशीन."

"चालू आहे?"

"चालू आहे, पण पडदा वेगळा दिलाय."

"चालू आहे ना? मग?"

मी पॅनेलचा फरक सांगायला लागलो. त्यांनी ट्यूबलाइटखाली पडदा बघितला, शेजारच्याला दाखवला, दोघांनाही काही दिसलं नाही. दिसणार नाहीच, तेच तर मी सांगत होतो. दोन मिनिटं दिवा बंद करा म्हटलं, तर हसले. "गेमला सत्तेचाळीस हजार? घरी सांगितलंय का?" मला तिथून उठून जावंसं वाटलं. चोरी झालेल्या माणसाला, तू एवढं महाग घेतलंसच कशाला, असं विचारायचा हक्क कुणाला आहे? मी सोनं घेतलं असतं आणि पितळ निघालं असतं तर हेच विचारलं असतं का? शेवटी निकाल दिला: बघून घेतलंत, हातानं पैसे दिलेत, दिवाणी मामला आहे, कोर्टात जा. फार आग्रह केल्यावर एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद, लिहून घ्यायची तयारी दाखवली.

दिवाणी मामला नाही हा. एक वस्तू दाखवून दुसरी देणं, बटणाला रंग लावून देणं ही फसवणूक आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८. आणि दखलपात्र गुन्हा कुठेही घडला असला तरी कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो, हे नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्येच आहे. हे मला एका वकील मित्रानं सांगितलं. ज्यांचं ते काम आहे त्यांनी का सांगू नये? तीन फेऱ्यांत तीन अर्ध्या रजा गेल्या. लेखी अर्ज रजिस्टर्ड पोस्टानं वरिष्ठांना पाठवलाय, पोचपावती आहे, उत्तर नाही. तुमच्यावर वेळ आली तर तोंडी सांगत बसू नका, पहिल्याच दिवशी लेखी द्या आणि तुमच्या प्रतीवर शिक्का घ्या. यूपीआयनं पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला त्याच तासात फोन करा. मी रात्रभर स्वतःला दोष देत बसलो, तिथे वेळ गेला.

परवा तीच जाहिरात पुन्हा दिसली. नाव वेगळं, खातं वेगळं, फोटो तोच, मागे तीच हिरवी चौकड्यांची चादर. किंमत ५१,०००. बायकोच्या नंबरवरून विचारलं, संध्याकाळी सातनंतर भेटता येईल का.

उत्तर आलं, "नाही ताई, दुपारीच जमेल. स्टेशनबाहेर."

जाहिरातीची तक्रार केली आहे. ती अजून तिथेच आहे.