खान्देशात जुनं पिनबॉल घ्यायचं तर रिलेवालं, बोर्डवालं की डीएमडी?

पिनबॉल म्हणजे उतरत्या टेबलावर पोलादी गोळी मारत स्कोअर करायचा, काचेखालचा खेळ. त्याचं जुनं मशीन घ्यायला निघालेला माणूस आधी मागच्या काचेवरचं चित्र बघतो, मग गाजलेलं नाव, मग किंमत. जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या माणसाने हा क्रम उलटा करावा असं माझं मत आहे. पहिला प्रश्न हा, की मशीन बंद पडलं तर त्याला हात कोण लावणार? गॉटलीब, बॅली, विल्यम्स, स्टर्न या कंपन्या शिकागो आणि आसपासच्या. तिकडे जुन्या मशीनचा भरलेला बाजार आहे, सुटे भाग मिळतात, घरी येणारे कारागीर मिळतात. आपल्याकडे मशीनच विरळा. मुंबई-पुण्याकडचं गुंडाळलेलं एखादं गेम पार्लर, एखादा जुना क्लब, नाहीतर परदेशातून मागवणं, एवढेच रस्ते. एकदा मशीन घरात आलं की ते आणि तुम्ही.

म्हणून मशीनचं नाव काय यापेक्षा ते कोणत्या काळातलं, हे आधी ठरवा. ढोबळमानाने तीन पिढ्या समोर येतील.

पहिली रिलेवाली, म्हणजे इलेक्ट्रोमेकॅनिकल. शौकीन तिला ईएम म्हणतात. १९४७ साली गॉटलीबच्या ‘हम्प्टी डम्प्टी’ने फ्लिपर, म्हणजे बटण दाबलं की गोळी वर मारणारे दांडे, आणले आणि तेव्हापासून जवळजवळ तीस वर्षं हा खेळ कॉइल (तारेची गुंडाळी), रिले (कॉइलने ओढला जाणारा स्विच), एक मोटर आणि शेकडो कॉन्टॅक्ट पट्ट्यांवर चालला. आत एकही चिप नाही. स्कोअर फिरत्या आकड्यांच्या चकत्यांवर दिसतो आणि घंटा खरीखुरी वाजते. दुसरी पिढी १९७७च्या सुमाराची. रिलेंची जागा सर्किट बोर्डांनी घेतली, चकत्यांच्या जागी उजळणारे आकडे आले. बॅलीचं ‘एट बॉल’ याच काळातलं, त्याची वीस हजारांवर मशीन निघाली. विल्यम्सचं ‘गॉर्गर’ १९७९ साली चक्क बोलायला लागलं. तिसरी पिढी १९९१नंतरची, १२८ बाय ३२ ठिपक्यांच्या पडद्याची, तीच डीएमडी, म्हणजे डॉट मॅट्रिक्स डिस्प्ले. हिच्यात रॅम्प (गोळी चढायचे उतार), चुंबक, एकाच वेळी चार-सहा गोळ्या, टप्प्याटप्प्याने उलगडणारी गोष्ट, सगळं आहे. विल्यम्सने १९९९ साली पिनबॉल बंद केलं, पण त्या दशकातली मशीन आजही सगळ्यात जास्त मागितली जातात.

खेळण्याच्या मजेवर गुण द्यायचे तर माझ्यापुरता निकाल सोपा आहे. एकट्याने रात्र रात्र खेळणाऱ्याला डीएमडी. पाहुणे आले, पोरं जमली, प्रत्येकाने पाच मिनिटं हात मारला, अशा घराला ईएम. नियम समजावून सांगावे लागत नाहीत, गोळी खाली जाऊ द्यायची नाही, बस. मधली पिढी वेगवान आणि निर्दय असते. ती काहींना वेड लावते, काहींना दहा मिनिटांत कंटाळा आणते. घेण्याआधी एकदा तरी खेळून बघा.

हात कोण लावणार

इथे शिकागोपुढे खान्देश वाटतो तितका गरीब नाही, हे लोकांच्या लक्षात येत नाही. रावेर, यावल, चोपड्याकडे केळीच्या बागा आणि त्यांच्या बोअरवेलच्या मोटारी, त्यामुळे तालुक्याच्या प्रत्येक गावात मोटार रिवाइंडिंगवाला बसलेला आहे. पिनबॉलची कॉइल म्हणजे त्याच्या दृष्टीने पोरखेळ. कॉइलच्या कागदी लेबलवर बहुतेक वेळा सगळं लिहिलेलंही असतं. बॅली-विल्यम्सच्या कॉइलवर ‘२३-८००’ असा आकडा दिसला तर २३ गेजची तार, ८०० वेढे. फक्त एक घोळ टाळा. तो गेज अमेरिकी आहे आणि आपल्याकडचे कारागीर ब्रिटिश गेज धरतात. अमेरिकी २३ गेजची तार सुमारे ०.५७ मिमीची, ब्रिटिश २३ गेजची ०.६१ मिमीची. जाड तार भरली की कॉइल जास्त करंट ओढते आणि तापते. त्यामुळे कारागिराला गेज सांगूच नका, मिलिमीटर सांगा आणि वेढे मोजून घाला म्हणा.

दुसरा आधार भुसावळचा. रेल्वेच्या इलेक्ट्रिक लोको शेडमधून किंवा सिग्नल खात्यातून निवृत्त झालेला माणूस तिथे शोधावा लागत नाही, चहाच्या टपरीवर भेटतो. ज्याने आयुष्यभर रिले पॅनेल बघितलं त्याच्यासमोर ईएम मशीनच्या वायरिंगचा नकाशा पसरा. हा रिले ओढला की तो कॉन्टॅक्ट उघडतो, मोटर अर्धा फेरा फिरली की हा स्विच मिटतो, ही भाषा त्याची स्वतःची आहे. पिनबॉल त्याने जन्मात पाहिलेलं नसलं तरी बिघाड तो बोट ठेवून दाखवेल. हा नकाशा मशीनसोबत आहे का, हे मात्र सौदा करतानाच विचारा. नकाशाविना ईएम घेणं मला मान्य नाही.

बोर्डवाल्या पिढीत हाच माणूस अर्ध्या वाटेपर्यंत येतो. पॉवर सप्लाय, ट्रान्झिस्टर, जळालेले कनेक्टर इतपत काम टीव्ही-इन्व्हर्टर दुरुस्त करणारा चांगला पोरगा करू शकतो. सगळ्यात मोठा शत्रू मात्र बॅटरी. बॅलीच्या त्या काळातल्या मुख्य बोर्डावर ३.६ व्होल्टची निकेल-कॅडमियम बॅटरी थेट सोल्डर केलेली असायची. चाळीस वर्षांत ती गळते, आणि गळलेलं क्षार बोर्डाच्या तांब्याच्या रेषा आणि सॉकेट खाऊन टाकतं. हिरवट-निळी बुरशी दिसली की समजायचं. डाग थोडा असेल तर व्हिनेगरने मारून, धुऊन, सुकवून बोर्ड वाचतो. चिपच्या सॉकेटखाली पसरला असेल तर नवा बदली बोर्डच बरा. असे बोर्ड आज परदेशात तयार होतात आणि पाकिटातून येतात. शंभर किलोवरचं मशीन मागवण्यापेक्षा ते फार सोपं.

डीएमडीच्या बाबतीत मी कचरतो. विल्यम्सच्या नव्वदीतल्या बोर्डावर तीन पेन्सिल सेल असतात, तेही गळतात, आणि तो बोर्ड जास्त दाट, जास्त महाग. मूळ ठिपक्यांचा पडदा उच्च व्होल्टेजवर चालतो आणि म्हातारा झाला की ओळी गाळायला लागतो. त्याजागी एलईडी पडदा बसतो, पण तोही मागवायचा. शिवाय प्लेफील्डखाली, म्हणजे गोळी फिरते त्या फळीखाली, छोट्या मोटारी, सेन्सर, प्लास्टिकच्या खास नळ्या. तुटलेला रॅम्प रिवाइंडिंगवाला काय करणार? ‘मेडिव्हल मॅडनेस’सारख्या १९९७च्या गाजलेल्या मशीनला परदेशातच हजारो डॉलर पडतात, वर वाहतूक, वर कस्टम. त्या पैशात वाद नाही, मशीन सुंदर आहे. पण पहिलं म्हणून?

ऊन, कूलर आणि वीज

मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा पंचेचाळिशीला जातो, आणि हे पिढ्यांना सारखंच लागत नाही. रबरी रिंगा तिन्हींच्या कडक होतात, त्या बदलणं स्वस्त आहे. काचेचं तसं नाही. ईएमच्या आणि बोर्डवाल्यांच्या मागच्या काचेवर चित्र आतल्या बाजूने रंगवलेलं असतं. त्यामागे दिवसभर बल्ब तापतात, रंग फुगतो आणि पापुद्रे सुटतात. सुटलेला रंग परत चिकटत नाही. अशा मशीनमध्ये ४४ नंबरचे बल्ब असतील तर ४७ नंबरचे घाला, ०.२५ अँपिअरऐवजी ०.१५ अँपिअर ओढतात, उष्णता कमी. एलईडी आणखी थंड, पण जुन्या घंटेच्या मशीनला पिवळसर उजेडच शोभतो, निदान मला तरी. डीएमडीत काचेमागे प्लास्टिकची छापील फिल्म असते, तिला ही भीती नाही.

उन्हापेक्षा मला कूलरची धास्ती जास्त. आपल्याकडे दुपारी खोली बंद करून डेझर्ट कूलर लावतात आणि ओलसर वारा थेट मशीनवर येतो. प्लायवूड फुगतं, लोखंडी रेल गंजतात, काचेवरचा रंग सुटतो. मशीन कूलरच्या झोतात ठेवू नका. धाब्याच्या घरात छतातून माती गळते, तिथे ईएम ठेवायचंच असेल तर वर कापडाचं छत बांधा. धूळ पट्ट्यांमध्ये बसली की रोज नवा बिघाड.

विजेचं थोडक्यात सांगतो. अमेरिकी मशीन ११५ व्होल्ट, ६० हर्ट्झवर चालतं. आपल्याकडे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. दुसऱ्या-तिसऱ्या पिढीत बहुतेकदा आतल्या ट्रान्सफॉर्मरची जोडणी बदलून काम भागतं. अमेरिकेत विकल्या गेलेल्या ईएमला बाहेरून स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो; मोटर जरा मंद फिरते, चालते मात्र. युरोपातून मशीन घेतलं तर ही भानगड बऱ्याचदा सुटलेली असते, म्हणून इटली-स्पेनकडची मशीन दिसली तर नाक मुरडू नका. संध्याकाळी शेतीपंप सुरू झाले की व्होल्टेज पडतं आणि फ्लिपर ढिले वाटतात. मशीन उघडण्याआधी मीटर लावून बघा आणि स्टॅबिलायझर घ्या. जुन्या ईएमला दोनच पिनांची वायर असते, ती बदलून तीन पिनांची, खऱ्या अर्थिंगची करा. पाय लोखंडी आहेत, खेळणारी लेकरं अनवाणी असतात.

बघायला गेल्यावर

विकणारा ‘चालू होतं, फक्त फ्यूज गेलाय’ म्हणाला तर हसून मान डोलवा आणि किंमत बंद मशीनची लावा. प्रत्येक फ्यूज काढून त्यावरचा आकडा नकाशाशी जुळवा. जास्त अँपिअरचा फ्यूज किंवा चांदीचा कागद गुंडाळलेला दिसला तर आत कुठेतरी काहीतरी जळलंय. प्लेफील्डचा रंग फ्लिपरच्या वर आणि गोळी सुटते त्या भोकांभोवती आधी झिजतो, तिथे लाकूड उघडं पडलं असेल तर ते दुरुस्त करणं कलाकाराचं काम आहे. बाकी कॉइल, बल्ब, रबर हे सगळं नंतरचं. ईएममध्ये चकत्या आणि रिले हाताने ढकलून बघा, सहज परत येतात का. बोर्डवाल्यात मागचं डोकं, म्हणजे मागच्या काचेची उभी पेटी, उघडून आधी बॅटरीचा कोपरा बघा. मशीन चालू असेल तर हात आत घालू नका. त्या आकड्यांच्या डिस्प्लेला पावणेदोनशेच्या आसपास डीसी व्होल्ट जातात.

कॉन्टॅक्ट साफ करण्यातही पिढीचा फरक आहे. ईएमचे चांदीचे पॉइंट बारीक कानशीने हलकेच घासलेले चालतात. बोर्डवाल्यांचे स्विच सोन्याचा मुलामा दिलेले असतात, कानस लावली की मुलामा गेला. तिथे जाड कागदाची पट्टी पुरते. लग्नसराईतल्या पत्रिका जपून ठेवा.

आणताना आधी गोळी बाहेर काढा, नाहीतर ८० ग्रॅमचं पोलाद वाटभर काचेवर आपटत येईल. पाय निघतात. डीएमडीचं डोकं बिजागरीवर दुमडतं, ईएमचं आतले प्लग काढून आणि बोल्ट सोडवून वेगळं करावं लागतं. त्यात वेळ जातो, पण अरुंद जिन्याच्या घरात तेच बरं, कारण दोन भाग दोन खेपांत चढतात. छोटा हत्ती पुरतो, चार माणसं लागतात, आणि गल्लीतली अर्धी जनता ‘हाई काय शे?’ विचारायला येते.

तर कोणी काय घ्यावं. हातात पाना-मीटर धरायची हौस आहे, पैसे बेताचे आहेत, त्याने ईएम घ्यावं, आणि त्यातही एकाच खेळाडूचं. चार खेळाडूंच्या मशीनमध्ये चकत्या आणि रिले कितीतरी जास्त, म्हणजे बिघडायच्या जागाही जास्त. मजा चौपट नसते. सोल्डरिंग येत असेल आणि वेग आवडत असेल तर १९७७ ते ८५ मधलं बोर्डवालं, बॅटरी आधीच काढलेली असेल तर उत्तम. डीएमडी त्याने घ्यावं, ज्याच्याकडे पैसा आहे आणि ज्याला ते डोळ्यांसमोर पूर्ण खेळ चालू स्थितीत मिळतंय. बंद डीएमडी पहिलं मशीन म्हणून कोणीही घेऊ नये, कितीही स्वस्तात मिळालं तरी. टीव्ही बसवलेलं व्हर्च्युअल पिनबॉल हा चौथा पर्याय लोक सुचवतात. खेळ शिकायला चांगला आहे, पण संग्रह त्याला म्हणत नाहीत.

हॉटेलात किंवा ढाब्यावर पैसे घेऊन खेळायला ठेवायचा विचार असेल तर परवान्याची चौकशी आधी करा. न्यूयॉर्कने जुगार म्हणून या खेळावर १९४२ पासून १९७६ पर्यंत बंदी घातली होती, आपल्याकडच्या साहेबालाही तशी शंका येऊ शकते.

दुसरं मशीन घ्यायची वेळ आली की पहिल्याच्या कुळातलं घ्या. १९७७ नंतरच्या काही वर्षांतल्या बॅलीच्या बऱ्याच मशीनचे कॉइल चालवणारे बोर्ड एकमेकांत बसतात, आणि स्टर्नने त्याच काळात जवळपास तेच बोर्ड वापरले. एकाचा बोर्ड दुसऱ्यात घातला की बिघाड बोर्डात आहे की वायरिंगमध्ये, ते संध्याकाळच्या आत कळतं.