क्रिसफ्लायरच्या माइल्सवर सिंगापूर, टोकियो आणि बँकॉक : तिकीट बदलण्याची वेळ आली तेव्हा

माइल्सवर, म्हणजे विमानप्रवासातून किंवा कार्डाच्या वापरातून जमणाऱ्या गुणांवर, विमानाचे तिकीट देणाऱ्या योजनेचा खरा कस ते तिकीट बदलण्याची वेळ आल्यावरच लागतो, असे माझे मत गेल्या दिवाळीनंतरच्या प्रवासात पक्के झाले. मी, माझे पती आणि चौऱ्याहत्तर वर्षांची आई असे आम्ही तिघे भाऊबीज उरकून मुंबईहून निघालो, सिंगापूरला तीन दिवस राहिलो, तेथून टोकियोला गेलो आणि परतताना बँकॉकला थांबून घरी आलो. यातला बँकॉक ते मुंबई हा शेवटचा टप्पा सोडला तर सगळी तिकिटे सिंगापूर एअरलाइन्सच्या क्रिसफ्लायर या योजनेतील माइल्सवर काढलेली होती. सिंगापूर एअरलाइन्स ही १९९७ साली स्थापन झालेल्या स्टार अलायन्स या विमान कंपन्यांच्या गटाची सदस्य आहे. थाई, ऑल निप्पॉन, इव्हा आणि २०१४ पासून एअर इंडिया याही त्याच गटात असल्यामुळे एकाच खात्यातले माइल्स आशियातल्या अनेक कंपन्यांच्या विमानांवर वापरता येतात. एका प्रवासात दोन-तीन देश बसवू पाहणाऱ्यांना या योजनेचे मोठे आकर्षण वाटते ते यामुळेच.

माइल्स जमवण्याबद्दल थोडक्यात सांगते. आमचे बहुतेक माइल्स क्रेडिट कार्डाच्या गुणांतून आलेले आहेत. बँकेतले गुण एकदा क्रिसफ्लायरमध्ये वळवले की परत बँकेत आणता येत नाहीत, आणि वळवलेल्या माइल्सची मुदत ३६ महिन्यांची असते, म्हणून प्रवासाची दिशा ठरल्याशिवाय गुण हलवू नयेत. पती-पत्नींची खाती एकत्र करण्याची सोय येथे नाही. माझ्या खात्यात थोडे आणि पतींच्या खात्यात थोडे अशी विभागणी झाली, तर दोन्हीकडे अर्धवट शिल्लक पडून राहते आणि तिकीट मात्र कोणत्याच खात्यातून निघत नाही. त्याऐवजी एका खात्यातून इतरांसाठी तिकीट काढता येते. त्यासाठी पाच जणांची नावे नॉमिनी म्हणून नोंदवता येतात आणि आम्ही तोच मार्ग धरला.

नाव नोंदवताना आपल्याकडच्या लोकांनी एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून पाहावी. महाराष्ट्रातल्या पासपोर्टवर पुष्कळदा स्वतःचे नाव आणि वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव एकाच रकान्यात, तर आडनाव दुसऱ्या रकान्यात छापलेले असते. आईच्या पासपोर्टवर तसेच आहे, परंतु बँकेत आणि आधार कार्डावर तिचे मधले नाव निरनिराळ्या तऱ्हेने लिहिलेले आहे. मी नॉमिनीचे नाव अक्षरन् अक्षर पासपोर्टप्रमाणे भरले. तिकिटावर ती दोन्ही नावे एकमेकांना चिकटून एकच लांबलचक शब्द झालेला पाहून आई घाबरली होती, पण तिकिटांवर नावे अशीच छापली जातात आणि त्यावरून कोणीही हरकत घेतली नाही.

आता आखणीकडे वळते. सिंगापूर एअरलाइन्सची तिकिटे प्रवासाच्या ३५५ दिवस आधी खुली होतात. जाण्याच्या दिवसाचे आरक्षण खुले होते त्या क्षणी परतीचा दिवस अजून खुला झालेला नसतो, म्हणून जाणे-येणे एकत्र काढायचे तर दोन आठवडे थांबावे लागते, आणि शाळा-महाविद्यालयांच्या सुट्टीच्या दिवसांत तेवढ्या अवधीत चांगल्या जागा निघून जातात. आम्ही म्हणूनच दोन एकेरी तिकिटे घेतली. याची किंमत मोजावी लागली. जाण्या-येण्याच्या एकत्रित सेव्हर, म्हणजे कमी माइल्सच्या, तिकिटावर वाटेतला एक मुक्काम विनामूल्य मिळतो, एकेरी तिकिटावर मात्र त्यासाठी माणशी १०० अमेरिकन डॉलर भरावे लागले. सिंगापूरला २४ तासांपेक्षा कमी थांबलो असतो तर तो मुक्काम धरला गेला नसता आणि हे पैसे वाचले असते. परंतु रात्रीच्या विमानाने साडेपाच तासांचा प्रवास करून पहाटे उतरलेल्या आईला त्याच रात्री पुन्हा सात तासांच्या विमानात बसवणे मला पटले नाही, आणि त्या तीनशे डॉलरचा आजही पस्तावा नाही.

सेव्हर आणि ॲडव्हान्टेज या दोन दरांपैकी सेव्हरला माइल्स कमी लागतात आणि जागाही कमी असतात. सिंगापूर ते टोकियो या टप्प्यावर आम्हाला दोनच जागा दिसत होत्या, तिसरीसाठी प्रतीक्षा यादीत नाव घालावे लागले. यादीत नाव घालतानाच पुरेसे माइल्स खात्यात असावे लागतात, ही अट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. प्रवासाला दोन महिने राहिले असताना ती जागा मिळाली. तोपर्यंत जिवाला घोर होता हे खरे, पण यादी पुढे सरकते हेही खरे. आणखी एक जमेची बाजू अशी, की सिंगापूर एअरलाइन्सच्या स्वतःच्या विमानांवर माइल्सच्या तिकिटाला इंधन अधिभार लागत नाही. गटातल्या इतर, म्हणजे भागीदार कंपन्यांचे तसे नसते. जपानी कंपन्या तर हा अधिभार दर दोन महिन्यांनी बदलतात आणि तिकीट ज्या दिवशी निघते त्या दिवसाचा दर लागू होतो, त्यामुळे तिकीट काढण्यापूर्वी माइल्सइतकेच करांच्या रकान्याकडेही लक्ष द्यावे.

टोकियो ते बँकॉक हा टप्पा आम्ही माइल्सवर एका भागीदार कंपनीच्या विमानाने घेतला आणि बँकॉक ते मुंबई रोख पैसे भरून. लांब टप्प्यावर माइल्स आणि स्वस्त, छोट्या टप्प्यावर पैसे हा हिशेब मला योग्य वाटतो. मात्र ही दोन स्वतंत्र तिकिटे होतात आणि पहिल्या विमानाचे वेळापत्रक बदलून दुसरे चुकले, तर त्याची जबाबदारी कोणतीच कंपनी घेत नाही, याची जाणीव ठेवूनच मी मध्ये चार रात्री ठेवल्या होत्या. त्या चार रात्रींमुळेच पुढे विमान बदलले तेव्हा मुंबईचे तिकीट वाया जाण्याची भीती नव्हती.

दिवाळीच्या सुट्टीत प्रवास करणाऱ्यांसाठी एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. जगभरातल्या विमान कंपन्यांचे हिवाळी वेळापत्रक ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी सुरू होते. आपली दिवाळी बहुधा त्याच सुमारास येते. अकरा-साडेअकरा महिने आधी काढलेले तिकीट हे कच्च्या वेळापत्रकावर काढलेले असते, आणि हिवाळी वेळापत्रक पक्के झाले की त्यातली काही विमाने सरकतात, काही नाहीशी होतात. आमचे टोकियोहून बँकॉकला जाणारे सकाळचे विमान असेच नाहीसे झाले. ते हानेदा विमानतळावरून सुटणार होते, जो शहराच्या मध्यापासून पंधराएक किलोमीटरवर आहे. भागीदार कंपनीने आम्हाला परस्पर दुसऱ्या दिवशी रात्रीच्या, नारिता विमानतळावरून सुटणाऱ्या विमानात टाकले, आणि नारिता साठ किलोमीटर दूर आहे. टोकियोत एक जास्तीची रात्र, बँकॉकच्या हॉटेलात एक वाया गेलेली रात्र आणि आईला सामानासह गाडी बदलत दूरच्या विमानतळावर न्यायचे, असे तिहेरी ओझे एका चार ओळींच्या ईमेलने आमच्यावर आले.

येथे क्रिसफ्लायरच्या सेवेची मला मनापासून प्रशंसा करायची आहे. भागीदार कंपनीच्या संकेतस्थळावर आमची विनंती पुढे जात नव्हती आणि तिच्या दूरध्वनीवर आम्हाला तिकीट काढणाऱ्यांकडेच जाण्यास सांगण्यात आले. हे नियमाला धरूनच होते, कारण ज्या कंपनीने तिकीट जारी केले तिनेच ते पुन्हा जारी करायचे असते. आमच्या तेरा आकडी तिकीट क्रमांकाची सुरुवात ६१८ ने होत होती, म्हणजे ते सिंगापूर एअरलाइन्सचे होते. क्रिसफ्लायरच्या दूरध्वनीवर भेटलेल्या बाईंनी प्रथम त्याच दिवसाच्या इतर विमानांत माइल्ससाठी राखलेली जागा शोधली. स्टार अलायन्समध्ये इकॉनॉमीच्या अशा जागा एक्स या अक्षराने ओळखल्या जातात. तशी एकही नव्हती. मी निराश झाले, पण त्यांनी स्वतःहून सांगितले, की बदल विमान कंपनीने केलेला असल्यामुळे राखीव जागा नसली तरी त्या कंपनीकडे सामान्य जागा मागता येतात. तशी मागणी त्यांनी पाठवली, दोन दिवसांनी मूळ तारखेच्याच दुपारच्या विमानात तीन जागा मिळाल्या आणि एक पैसाही जास्तीचा द्यावा लागला नाही. विमानतळ मात्र नारिताच राहिला. 'राखीव जागा नाही' हे उत्तर ऐकून फोन ठेवू नये, बदल कोणी केला हे शांतपणे सांगून पुढची विनंती करावी, एवढे मी या संभाषणातून शिकले.

तरीही काम पुरते झाले नव्हते, आणि ते मला आईच्या जेवणामुळे कळले. निघण्याच्या तीन आठवडे आधीची दुपार होती. स्वयंपाकघरात आई चकलीची भाजणी भाजत होती आणि मी बाहेर बसून प्रत्येक विमानासाठी तिचे जैन पद्धतीचे जेवण नोंदवत होते, कारण विमान बदलले की जेवणाची आणि आसनाची जुनी नोंद पुष्कळदा नव्या विमानात येत नाही. भागीदार कंपनीच्या संकेतस्थळाने आमचे आरक्षण दाखवले, तिघांची नावे दाखवली, पण जेवण नोंदवायला गेले की तिकीट क्रमांक मागे आणि आमचा क्रमांक स्वीकारत नसे. चार वेळा भरून पाहिल्यावर माझ्या ध्यानात आले, की जागा नव्या विमानात आहेत आणि तिकीट अजून जुन्याच, आता अस्तित्वात नसलेल्या विमानाचे आहे. आरक्षण आणि तिकीट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जागा पक्की असूनही तिकीट पुन्हा जारी झालेले नसेल, तर विमानतळावरच्या खिडकीवर बोर्डिंग पास निघत नाही. मी लगेच क्रिसफ्लायरला फोन केला. त्यांनी वीस मिनिटांत तिन्ही तिकिटे नव्याने जारी केली आणि नवे क्रमांक एकेक आकडा उच्चारून मला लिहून घ्यायला सांगितले. त्यानंतर जेवणाची नोंद पहिल्याच प्रयत्नात झाली.

विमान बदलले की कागदपत्रेही तपासावी लागतात. थायलंडचे डिजिटल आगमन पत्र आणि सिंगापूरचे आगमन पत्र ही दोन्ही पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत भरायची असून त्यांत विमानाचा तपशील द्यावा लागतो, तेव्हा जुन्या ईमेलवरून ती भरू नयेत. भारतीय पासपोर्टवर सिंगापूर आणि जपान या दोन्हींचे व्हिसा लागतात. बदललेला मार्ग एखाद्या तिसऱ्या देशातून जात असेल, तर त्या देशात बाहेर न पडता विमान बदलता येते का, हे होकार देण्यापूर्वी पाहावे. आम्हाला सुचवलेल्या पर्यायांत असा एक मार्ग होता आणि तो मी याच कारणासाठी नाकारला.

स्वतःच्या इच्छेने बदल करायचा असेल तर नियम वेगळे आहेत. मी तिकिटे काढली तेव्हा सेव्हर तिकिटाची तारीख बदलायला २५ डॉलर, तिकीट रद्द करून माइल्स परत घ्यायला ७५ डॉलर आणि न कळवता विमान चुकवले तर ३०० डॉलर असा आकार होता. मला हे दर वाजवी वाटतात. परंतु रद्द करतेवेळी ज्या माइल्सची मुदत संपलेली असते ते परत मिळत नाहीत आणि वर्षभर आधी तिकीट काढणाऱ्याला हा नियम चांगलाच महागात पडू शकतो. तिकिटासाठी जुने माइल्स आधी खर्ची पडतात, म्हणून रद्द करण्यापूर्वी खात्यातल्या मुदतीच्या तारखा पाहाव्यात.

ज्यांना पाच-सहा शहरे एकाच तिकिटात गुंफायची आहेत त्यांनी कॅथे पॅसिफिकच्या एशिया माइल्सवर मिळणारे, वनवर्ल्ड या विमान कंपन्यांच्या दुसऱ्या गटाचे बहुकंपनी तिकीट अवश्य पाहावे. त्यात अंतरावरून माइल्स ठरतात आणि वाटेत पाच मुक्कामांपर्यंत मुभा असते. आमच्यासारख्या सुट्टीला बांधलेल्या आणि ज्येष्ठ माणूस सोबत असलेल्या कुटुंबाला मात्र दोन सुटी एकेरी तिकिटे आणि फोनवर नीट उत्तर देणारी माणसे अधिक उपयोगी पडतात, असे मला वाटते. क्रिसफ्लायरकडे माझी एकच मागणी आहे, की भागीदार कंपनीच्या विमानात बदल झाल्यावर तिकीट पुन्हा जारी झाले की नाही, हे त्यांच्या ॲपमध्ये स्पष्ट अक्षरांत दिसावे. तोवर मी बदलाचा प्रत्येक ईमेल आल्यावर भागीदार कंपनीच्या संकेतस्थळावर जाऊन आईचे जेवण नोंदवून पाहत राहीन.