हायवेवर वेगाची लिमिट ताशी १२० किमी की १००?

माझं मत सरळ १०० ला आहे. १०० किमी जायला १२० ने ५० मिनिटं लागतात आणि १०० ने एक तास, म्हणजे वाचतात १० मिनिटं, तीही रस्ता पूर्ण मोकळा मिळाला तर. हवेचा विरोध मात्र वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे १२० ला तो १०० पेक्षा ४४ टक्के जास्त (इंधन तेवढं वाढत नाही, टायर-इंजिनमध्ये जाणारं इंधन वेगळं, पण फरक चांगलाच पडतो). गाडीत अ‍ॅव्हरेजचा डिस्प्ले असेल तर सपाट रस्त्यावर क्रूझ कंट्रोल १२० वरून १०० ला आणून बघाच, आकडा लगेच सुधारतो.

१२० वाल्यांचं एक म्हणणं पटतं, लांब पल्ल्याला वेळ खरंच वाचतो. आणि कॅमेरे नसतील तर १०० ची नुसती पाटी लावून काही होत नाही हेही खरंय.

स्पेनने २०११ ला तेल महागलं म्हणून १२० चं ११० केलं आणि काही महिन्यांतच परत १२० वर गेले, याचं मला फार वाईट वाटतं. अमेरिकेची १९७४ ची ताशी ५५ मैलांची लिमिट मात्र बरीच वर्षं टिकली, ती १९९५ ला पूर्ण रद्द झाली.

इलेक्ट्रिक गाडी असली तरी गणित तेच, १२० ला रेंज भराभर उतरते.