वेगळी चूल : ब्रेक्झिटचा हिशेब आत राहून आणि बाहेर पडून

ब्रिटनमध्ये नव्याने आलेल्या मराठी माणसाला ऑफिसात कुणीतरी विचारतंच, ‘ब्रेक्झिट बरं झालं की वाईट?’ ब्रेक्झिट म्हणजे ब्रिटनचं युरोपीय संघातून बाहेर पडणं. हसून टाळू नका, तुमचंही मत मोजलं जातं. भारत राष्ट्रकुलात असल्यामुळे भारतीय पासपोर्टवर इथे राहणाऱ्याला मतदार यादीत नाव घालता येतं. संघात राहायचं की नाही हे ठरवणाऱ्या २३ जून २०१६च्या सार्वमतातही मत देता येत होतं. इंग्लंडमधल्या स्विंडन शहरात पोर्तुगीज, म्हणजे युरोपीय संघातल्या देशाच्या पासपोर्टवर राहणाऱ्या गोवेकराला मात्र मत नव्हतं, आणि पणाला लागलं होतं ते त्याचंच.

पैशाच्या बाजूने मला फार डोकं खाजवावं लागत नाही. आत बरं होतं. बर्मिंगहॅमचा माल फ्रान्समधल्या लियॉनला पुण्याहून नाशिकला जावा तसा जायचा. आता संघाशी झालेल्या करारामुळे बहुतेक मालावर जकात नाही, पण कागदं आली : कस्टम्सची घोषणापत्रं, माल मुळात कुठला याचा पुरावा, मांस-दूध असेल तर पशुवैद्याचं प्रमाणपत्र. मोठी कंपनी त्यासाठी माणसं ठेवते, छोटा दुकानदार युरोपच्या ऑर्डरी घेणंच सोडतो. माझा भाऊ बर्लिनला असतो. पूर्वी दिवाळीचा डबा पोस्टात टाकला की झालं. आता फॉर्म भरून चकल्या जातात, पेढे जात नाहीत. बाहेरच्या देशातून पार्सलने दुधाचे पदार्थ आणायला युरोपीय संघात बंदी आहे. देशाच्या पातळीवर ओबीआर ही सरकारी पण स्वायत्त संस्था म्हणते, की आत राहिलो असतो त्यापेक्षा उत्पादकता दीर्घकाळात ४ टक्के कमी राहील.

बाहेरच्या पारड्यात काय? संघाला द्यायची वर्गणी वाचली, जरी बाहेर पडा म्हणणाऱ्यांच्या प्रचाराच्या बसवरचे आठवड्याला ३५ कोटी पौंड ब्रिटनला वर्गणीत मिळणारी सवलत वजा न करताच रंगवले होते. शिवाय स्वतःचे करार करता येतात. जुलै २०२५ मध्ये भारताशी करार झाला, त्यात ब्रिटिश व्हिस्कीवरचा भारताचा १५० टक्के आयातकर आधी ७५ आणि दहा वर्षांत ४० टक्क्यांवर आणायचं ठरलं. संघात राहून ब्रिटनला हा करार एकट्याने करता आला नसता. पण ब्रिटनच्या निर्यातीतला चाळीस टक्क्यांच्या आसपास वाटा अजूनही युरोपीय संघाचा आहे. तिथलं नुकसान व्हिस्कीने भरून निघत नाही.

स्थलांतराचं उत्तर इतकं सरळ नाही. ‘लोंढे थांबवू’ म्हणून मतं मागितली, आणि जून २०२३ पर्यंतच्या वर्षभरात निव्वळ स्थलांतर, म्हणजे आलेल्यांतून गेलेले वजा करून, ९ लाखांच्या वर गेलं. युरोपातले लोक परतू लागले, त्यांच्या जागी भारत, नायजेरियातून माणसं आली. आत असताना युरोपीय माणसाला दार सताड उघडं होतं आणि आपल्यासकट युरोपाबाहेरच्या सगळ्यांना मिळून वर्षाला २०,७०० कुशल कामगार व्हिसांची मर्यादा. २०१८ मध्ये त्यापायी परदेशी डॉक्टरांनाही नकार मिळत होते. बाहेर पडल्यावर ती मर्यादा उठली, व्हिसासाठीची किमान पगाराची अटही वर्षाला ३०,००० पौंडांवरून २५,६०० वर आली. तेव्हा पुण्याच्या इंजिनिअरला ब्रेक्झिट लाभलं, हे मान्य करायला हवं. आपल्यातले बरेच जण हे चारचौघांत बोलत नाहीत!

पण वाढलेल्या आकड्याचा राग आता आपल्यावरच निघतोय. पगाराची अट २०२५ मध्ये ४१,७०० पौंडांवर गेली. वृद्ध-आजाऱ्यांची काळजी घेणाऱ्या केअर वर्करना परदेशातून आणायचा मार्ग त्याच वर्षी बंद झाला. सरकारी आरोग्यसेवेसाठी व्हिसासोबत भरायचा आरोग्य अधिभार वर्षाला माणशी १,०३५ पौंड, व्हिसा जितक्या वर्षांचा तितक्यांचा एकदम.

म्हणून मला विचाराल तर आधी पासपोर्ट बघा. मोठ्या पगाराची नोकरी हातात असलेल्या भारतीयाला आत-बाहेर फारसा फरक पडत नाही. धंदा युरोपशी असेल तर आतच बरं. आणि गोव्याहून आजी-आजोबांच्या जन्मनोंदी शोधून पोर्तुगीज नागरिकत्व घेणाऱ्याला आता तो पासपोर्ट लिस्बनला किंवा डब्लिनला नेतो. स्विंडनला जायचं तर त्यालाही पुण्याच्या इंजिनिअरसारखा व्हिसाच काढावा लागतो.