डॅप्सोनची गोळी की बिनगव्हाचं ताट?

कोपर, गुडघे, ढुंगण, मानेमागे, दोन्ही अंगांना सारखीच खाज. बारीक फोड येतात, पण दिसायच्या आत नखांनी फुटून खपली धरते. माझ्या धाकट्या भावाचं वर्षभर असंच चाललं होतं. खरूज समजून घरातल्या सगळ्यांनी दोनदा मलम फासलं. खरूज बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर धरते आणि घरभर लागते. आमच्यात खाजवत होता तो एकटाच. निघालं डर्माटायटिस हर्पेटिफॉर्मिस. नावात हर्पेटि असलं तरी नागिणीशी याचा संबंध नाही. ग्लुटेन, म्हणजे गव्हासारख्या धान्यातलं प्रथिन, न सोसून आतडं बिघडवणाऱ्या सेलिॲक आजाराचं हे कातडीवरचं रूप, आणि पोटाची तक्रार बऱ्याच जणांना नसतेच.

तपासण्या होईपर्यंत चपाती सोडू नका. गहू बंद केला की हा आजार दाखवणाऱ्या रक्तातल्या अँटिबॉडी उतरतात, बायोप्सीही, म्हणजे कातडीचा तुकडा काढून केलेली तपासणी, फसू शकते. बायोप्सीचा एक तुकडा फोडाशेजारच्या चांगल्या कातडीचा लागतो. त्यावर इम्युनोफ्लुरोसन्स ही चमकत्या रंगाची तपासणी करून आयजीए नावाची अँटिबॉडी शोधतात, म्हणून तो फॉर्मॅलिनमध्ये, नेहमीच्या टिकवण्याच्या द्रावात, टाकायचा नसतो. आमचा पहिला तुकडा नेमका त्याच बाटलीत गेला, सगळं पुन्हा करावं लागलं. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी दवाखान्यात दाखवा नाहीतर खासगीत, हे आधी विचारून घ्या.

डॅप्सोनने दोन-तीन दिवसांत खाज उतरते. भाऊ तिसऱ्या रात्री सलग झोपला. आई दोनदा उठून बघून आली. कुष्ठरोगातही हीच गोळी देतात, म्हणून घाबरू नका. पण तिने आतडं सुधारत नाही, आणि सोडली की खाज परत. रक्तपेशीही मोडतात, म्हणून आधी जी-सिक्स-पीडी, म्हणजे तांबड्या पेशींना जपणारं एन्झाइम, पुरेसं आहे का ते तपासा आणि पुढे रक्त वरचेवर बघा. ओठ निळसर दिसले किंवा तापासोबत घसा धरला, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे.

बिनगव्हाच्या पथ्याचा गुण यायला महिने लागतात, कधी दोन वर्षंही. पण आतडं सावरतं, गोळी कमी होत सुटू शकते. ज्वारीची भाकरी, भात, तांबडा-पांढरा रस्सा, आपलं ताट निम्मं तयारच आहे. मिसळीबरोबरचा ब्रेड सोडणं सोपं. अडतं ते गिरणीत, गव्हामागून ज्वारी दळली की. आम्ही घरघंटी घेतली. हिंगाच्या डबीवरही बघा, त्यात बऱ्याचदा गव्हाचं पीठ असतं.

माझं मत पथ्याकडे, आणि त्याचा गुण येईपर्यंत गोळीचा आधार. जी-सिक्स-पीडी कमी निघालं, तर गोळीऐवजी काय द्यायचं ते डॉक्टर ठरवतील. गहू तेव्हाही बंदच.